प्रधान काकांच्या आवाजातले बाबा

गुरुवारी संध्याकाळी मुसफ्फाच्या औद्योगिक वसाहतीतून कंपनीची बस आखातातल्या आमच्या अल ऐनला यायची. बाबा राउंडअबाउटच्या अलीकडे उतरून आमच्या बिल्डिंगपर्यंत चालत यायचे. तेव्हा सुट्टी गुरुवारी दुपारी लागायची आणि शुक्रवारी संपायची. आताच्या पोरांना शनिवार-रविवार मिळतात, तरी ती दमलेलीच असतात. बाबांच्या सेफ्टी शूजचा जिन्यातला आवाज मला बरोबर ओळखू यायचा. ते दारातच बूट काढायचे, वेल्डिंगच्या वासाचे कपडे थेट बादलीत टाकायचे आणि आंघोळ करून आले की मगच माझ्या डोक्यावर हात ठेवायचे. आई हॉस्पिटलमध्ये नर्स होती. तिच्या ड्यूट्या सारख्या बदलायच्या, पण गुरुवारची संध्याकाळ ती मेट्रनशी भांडून मोकळी ठेवायची. त्या दिवशी घरात वडाभात व्हायचा, किंवा सांबारवड्या. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. तिथल्या मराठी मंडळातल्या पुण्या-मुंबईच्या काकवांना हे दर वेळी नव्यानं कळायचं आणि त्या दर वेळी नव्यानं हसायच्या. आई म्हणायची, "हसू दे बाप्पा, खाताना कोणी हसत नाही."

आमचं आडनाव मडावी. मंडळात ते कुणालाच कळत नसे. "मांडवी म्हणजे तुम्ही गोव्याकडचे का हो?" असं विचारलं की बाबा नुसते हसायचे, आणि विचारणारा ते हसणं होकार समजून पुढे जायचा. आम्ही गोंड आहोत हे लपवलं होतं असं मी म्हणणार नाही. कुणी विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही. पण सांगायचं नाही हे मला फार लहानपणापासून न सांगता माहीत होतं, आणि तेवढ्यावरून काय ते समजावं.

शुक्रवारी सकाळी बाबा आतल्या खोलीत टेपरेकॉर्डर घेऊन बसायचे. गडचिरोलीच्या जंगलातल्या गावी माझी आजी एकटी राहायची. तिला वाचता येत नव्हतं, मराठी येत नव्हती, आणि फोन तालुक्याच्या गावी होता. त्यामुळे आखातातले बरेच लोक करायचे तेच बाबाही करायचे. कॅसेटवर बोलायचे आणि सुट्टीवर जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती ती गावी पाठवायचे. महिन्या-दोन महिन्यांनी तिकडून आजीची कॅसेट यायची. तिच्यात आजीपेक्षा कोंबड्याच जास्त बोलायच्या. बाबा दार लोटून हलक्या आवाजात गोंडीत बोलत. मी बरा आहे, तू जेवतेस ना, छप्पर शाकारलं का, एवढंच असतं असं आईनं मला सांगितलं होतं. आईला गोंडी थोडी समजायची. मला बाबांनी एक शब्दही शिकवला नाही. विचारलं तर म्हणायचे, "तुला काहून पाहिजे? इंग्रजी शिक." बोलून झालं की ते कॅसेटच्या वरच्या कडेची प्लॅस्टिकची खुंटी सुरीच्या टोकानं तोडून टाकायचे. ती तोडली की त्या कॅसेटवर चुकूनही दुसरं काही रेकॉर्ड होत नाही.

आता शरयू काकूंबद्दल लिहायचं आहे आणि हात आखडतो आहे. त्यांच्यावर माझं फार प्रेम होतं. त्या पुण्याच्या कॉलेजात मराठी शिकवून आलेल्या होत्या. त्यांचे यजमान मोठ्या हुद्द्यावर होते, बंगल्यात कडुलिंबाचं झाड होतं. शुक्रवारी दुपारी त्या आम्हा मुलांना मराठी शिकवायच्या. बाकीची पोरं कंटाळून "खलास ना काकू, खलास!" ओरडायची तेव्हा मी मात्र आणखी थोडं शिकवा म्हणून बसून राहायची. माझ्या अक्षराला त्यांनी वळण लावलं. त्यांच्या कपाटातली पुस्तकं मला घरी न्यायची परवानगी होती, फक्त मलाच. आज मी हे मराठीत लिहू शकते ते त्यांच्यामुळे. ही गोष्ट नाकारता आली असती तर बरं झालं असतं.

मंडळाच्या एका सहलीत बाबांनी जेवण झाल्यावर आपलं ताट बोटानं निपटून घेतलं, नळावर धुतलं आणि उपडं घातलं. कुणीतरी थट्टेत म्हणालं, "काय मांडवी, हॉस्टेलमध्ये होता वाटतं?" बाबा म्हणाले, "आश्रमशाळेत." शरयू काकूंनी तेवढंच ऐकलं आणि त्यांचे डोळे चमकले. पुण्यात त्यांच्या मैत्रिणींची एक संस्था होती. लहानपणी आईबापांपासून दूर आश्रमशाळेत राहिलेल्या आदिवासी मुलांच्या आठवणी त्या ध्वनिमुद्रित करून जपून ठेवत होत्या. काकू पुढच्याच गुरुवारी आमच्या घरी आल्या.

"मडावी, हे व्हॉइस आर्काइव्ह आहे हो. उद्या कुणी रिसर्च करेल, तुमच्या नातवंडांना ऐकायला मिळेल. नाहीतर हे सगळं तुमच्याबरोबर जाणार. तुम्ही फक्त बोला, बाकी सगळं माझ्यावर सोडा."

बाबा म्हणाले, "काही नाही मॅडम सांगण्यासारखं."

त्या पुन्हा आल्या, आणि पुन्हा आल्या. येताना माझ्यासाठी पुस्तक आणायच्या. शेवटी एकदा चहाचा कप खाली ठेवून बाबा म्हणाले, "बोलतो. पण आपल्या भाषेत बोलीन, गोंडीत. मंडळात कोणाला ऐकवायचं नाही. अन एक कॉपी मला पाहिजे, माझ्या आईसाठी."

"अहो, प्रॉमिस!" काकू म्हणाल्या. "कॉपी तर मी स्वतः करून देते."

काकू गेल्यावर आईनं विचारलं, "घरी टेप आहे, कॅसेटी आहेत. तुम्हाला आईला सांगायचंच होतं तर इतके वर्ष सांगितलं काहून नाही?" बाबा म्हणाले, "कोणी विचारलं नाही कधी. अन आईनं विचारलं तेव्हा मी खोटं बोललो."

रेकॉर्डिंग आमच्याच हॉलमध्ये झालं. खिडकीतला एसी बंद केला होता, कारण त्याची घरघर टेपमध्ये आली असती. घामानं सगळ्यांचे कपडे अंगाला चिकटले. मला आत जायला सांगितलं नाही, म्हणून मी दाराशी बसून राहिले. बाबा सुरुवातीला शाळेतल्या मुलासारखे हात मांडीवर ठेवून बोलत होते. मग त्यांचा आवाज बदलला. आमच्या घरात बाबा कमी बोलणारे, मराठी बेतानं वापरणारे, प्रत्येक वाक्याआधी थांबणारे. आणि हा माणूस भराभर बोलत होता, हातवारे करत होता, मधेच कुणाची तरी नक्कल करत होता. मला एकही शब्द कळत नव्हता. "सोमी" हे नाव पुन्हा पुन्हा येत होतं, आणि शेवटी शेवटी "एर" हा एक शब्द. मग ते थांबले. टेप फिरत राहिली. आई उठून आत गेली आणि नळ सोडून उभी राहिली.

नंतर चहा घेता घेता बाबांनी काकूंना तेच सगळं मराठीत थोडक्यात सांगितलं, आणि त्या टिपून घेत गेल्या. सोमी ही बाबांची धाकटी बहीण. दोघांना एकाच वर्षी आश्रमशाळेत आणून सोडलं होतं. शाळेत गोंडी बोलायला बंदी होती. बोललं की गुरुजी उन्हात उभं करायचे, आणि त्या दिवशी जेवणाच्या रांगेत शेवटचा नंबर. सोमीला मराठी येतच नव्हती, म्हणून ती गप्प राहायला शिकली. उन्हाळ्यात तिला ताप आला. तिला वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात चटईवर निजवलं होतं. आत वर्ग चालू होता, बाबा खिडकीशी बसले होते. ती बाहेरून पाणी मागत होती, "एर, एर." गुरुजींनी ऐकलं आणि म्हणाले, "मराठीत माग, मग मिळेल." वर्गातली पोरं हसली. बाबांना पाणी म्हणजे काय ते दोन्ही भाषांत येत होतं. ते उठले नाहीत. वर्ग सुटला तेव्हा ती मागायची थांबली होती. शाळेचा कारकून गावात जाऊन आजीला मराठीत सांगून आला. आजीनं नंतर बाबांना एकदाच विचारलं होतं, ती शेवटी काय म्हणाली? बाबा म्हणाले होते, काहीच नाही, झोपली होती.

काकू रडल्या. खरंच रडल्या, मी पाहिलं. त्यांनी बाबांचे दोन्ही हात हातात घेतले. बाबा सुरी आणायला उठले होते, कॅसेटची खुंटी तोडायला, पण मॅडमची वस्तू म्हणून संकोचले आणि परत बसले.

दोनेक महिन्यांनी कॉपी आली. वर काकूंच्या सुंदर अक्षरात बाबांचं नाव होतं. बाबांनी ती लावून ऐकली नाही. त्यांना ते पुन्हा ऐकवलं नसतं. कंपनीतला सुरेश सुट्टीवर गडचिरोलीला निघाला होता, त्याच्या हाती त्यांनी ती दिली. त्या शुक्रवारी बाबांनी दुपारी ताणून झोप काढली. आई मला म्हणाली, "बघ, आज कसे लहान पोट्ट्यासारखे झोपले."

फोन आला तोही शुक्रवारीच, आम्ही जेवायला बसलो होतो तेव्हा. बाबांनी उचलला. पलीकडे चैतूकाका होता, बाबांचा चुलत भाऊ, तालुक्याच्या एसटीडी बूथवरून. बाबा "हॅलो, हॅलो" म्हणत राहिले, आणि पलीकडून फक्त रडणं ऐकू येत होतं. मग चैतूकाका इतक्या मोठ्यानं बोलला की मला ताटावर बसल्या बसल्या ऐकू आलं. तो मराठीत ओरडला होता, "तू जिता आहेस का रे?"

झालं होतं ते असं. सुरेशनं कॅसेट आजीच्या हातात दिली आणि तो पुढे आपल्या गावी गेला. तेंदूपत्त्याचे दिवस होते, गावातली कमावती माणसं पानं तोडायला जंगलात मुक्कामाला गेली होती. मागे सगळी म्हातारी. आजीनं नेहमीसारखा टेप अंगणात आणला, शेजारणींना बोलावलं. लच्चूचा, म्हणजे बाबांचा, आवाज ऐकायला सगळ्या गोळा झाल्या. आणि टेपमधून एक अनोळखी पुरुष मराठीत बोलायला लागला. जड, शिकलेला, सावकाश आवाज. आजीला त्यातलं कळलं ते फक्त लच्चूचं नाव, आणि सोमीचं नाव. तशा आवाजात, त्या भाषेत, तिच्या पोराचं नाव घेऊन माणूस घरी येतो तेव्हा काय सांगायला येतो, हे तिला ठाऊक होतं. तिनं टेप बंदही केला नाही. बाजूला बायका रडत होत्या आणि तो आवाज बोलतच राहिला. गावानं सुतक धरलं. आजीच्या घरात चूल पेटली नाही. चैतूकाका जंगलातून परत आला, त्यानं कॅसेट नीट ऐकली, लच्चूच्या मरणाचा तिच्यात शब्दही नव्हता, आणि तो खात्री करायला तसाच तालुक्याला धावला.

"तिला सांगितलं का, मी आहे म्हणून?" बाबांनी विचारलं.

"सांगतो ना जाऊन. पण तू तो माणूस काहून पाठवला?"

बाबांनी फोन ठेवला आणि अर्ध्या जेवणावरून हात धुतला. मला तेव्हा फक्त भीती वाटली. राग नंतर आला, आणि तो अजून गेलेला नाही.

त्याच संध्याकाळी आम्ही तिघं टॅक्सीनं काकूंच्या बंगल्यावर गेलो. काकूंनी सरबत आणलं. बाबा उभेच राहिले. म्हणाले, "मॅडम, कॅसेटवर कोण बोलला?"

"अहो, प्रधान काका! आपले मंडळाचे निवेदक. किती सुंदर वाचलंय ना त्यांनी? मला सरप्राइज द्यायचं होतं तुम्हाला. पुण्यात सगळे ऐकून स्पीचलेस झाले."

"मंडळात ऐकवायचं नव्हतं."

"मंडळात कुठे? प्रधान एकटेच. आणि ते घरचेच."

आई मधे पडली. "अन यांची कॅसेट कुठे आहे? गोंडीवाली?"

काकूंना प्रश्नच कळला नाही. त्या खरोखर गोंधळल्या होत्या. त्यांनी कपाटातून आपल्याकडची कॅसेट काढून दाखवली. "तीच तर ही. म्हणजे, त्याच्यावरच प्रधानांचं घेतलं. टेप चांगल्या क्वालिटीची होती ना. ते पहिलं आपलं कच्चं होतं. मडावी शेवटी शेवटी फार थांबत होते, आणि कुणाला समजणार होतं ते? पुण्यात एकालाही गोंडी येत नाही."

"माझ्या आईला येते," बाबा म्हणाले.

काकूंचा चेहरा उतरला. त्या खाली बसल्या. "यल्ला, आपण पुन्हा करू या ना रेकॉर्ड," त्या म्हणाल्या. "पुढच्याच गुरुवारी करू. इन्शाल्ला यावेळी अगदी तुमच्या मनासारखं."

आईला कसलातरी संशय आला होता. तिनं तिथल्या तिथे टेप लावायला लावली. प्रधान काकांचा आवाज हॉलभर पसरला. मी अमुक, माझी लाडकी बहीण सोमी, आमची निसर्गरम्य शाळा. आणि शेवट आला. सोमीनं क्षीण आवाजात पाणी मागितलं. गुरुजी हातातला खडू टाकून धावले. त्यांनी तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि आपल्या हातानं तिला पाणी पाजलं. तिनं त्यांच्याकडे पाहून समाधानानं डोळे मिटले.

"हे काय आहे?" आई म्हणाली. "हे काय आहे, ताई?"

काकू हळू आवाजात म्हणाल्या, "थोडं बॅलन्स केलं. ते गुरुजी अजून हयात आहेत, संस्थेतल्या लोकांच्या ओळखीचे आहेत. आणि ऐकणाऱ्याला काहीतरी धीर नको का? मी चांगल्यासाठीच केलं, मडावी. शपथेवर सांगते."

बाबा दाराकडे वळले. माझ्याकडे काकूंचं एक पुस्तक होतं, ते मी येताना बरोबर आणलं होतं, का ते मला माहीत नाही. ते टेबलावर ठेवून मी बाहेर आले. काकूंनी मला हाक मारली. त्यांनी मला शिकवलेल्या भाषेनंच त्यांनी माझ्या बाबांचं तोंड बंद केलं होतं, आणि ती भाषा मला जगात सगळ्यात जास्त आवडत होती. मी कडुलिंबाखाली उभी राहून रडले. शाळेतल्या गुरुजींनी जे केलं ते दुष्टपणानं केलं असेल. काकूंनी तेच प्रेमानं केलं, आणि माझ्या दृष्टीनं ते जास्त वाईट आहे. या मतावर मी आजही ठाम आहे, मग मला कुणी कृतघ्न म्हणो.

तो संग्रह आता इंटरनेटवर आला आहे. गेल्या वर्षी माझ्या मुलीला तो कुठूनसा सापडला. सिलिकॉन ओएसिस नावाच्या वस्तीतल्या आमच्या आताच्या फ्लॅटमध्ये तिनं कानाला हेडफोन लावले, थोड्या वेळानं डोळे पुसले आणि म्हणाली, "मॉम, आजोबा हॅड सच अ ब्यूटिफुल व्हॉइस!" मी तिला सगळं सांगितलं. मग पुण्याला ईमेल लिहिला की हा आवाज माझ्या वडिलांचा नाही आणि शेवट खोटा आहे. अतिशय नम्र उत्तर आलं, की संग्रहाच्या नियमांनुसार मूळ ध्वनिमुद्रणात बदल करता येत नाही. मूळ! मी तो ईमेल मुलीला दाखवला नाही.

बाबांनी पुन्हा रेकॉर्ड केलं नाही. आईनं खूप समजावलं, घरचा टेप पुढ्यात आणून ठेवला, दार लोटून घेतलं. ते आत बसून राहायचे आणि तसेच बाहेर यायचे. शेवटी म्हणाले, जाऊनच सांगतो, समोर बसून. फोरमनच्या हातापाया पडून त्यांनी सुट्टी मिळवली. आईनं बॅग भरली. ते निघाले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर ठरवलेल्या माणसाची शांतता होती. मला वाटलं, चला, निदान एवढं तरी सरळ होईल.

ते परत आले त्या दिवशी मी त्यांना जेवूही दिलं नाही. "सांगितलं?" मी विचारलं.

बाबा म्हणाले, आजी त्यांना बघून आधी त्यांचे हात, गाल चाचपत राहिली, खरंच जिवंत आहे का म्हणून. मग तिनं त्यांना अंगणात बसवलं आणि बाबांनी तोंड उघडायच्या आत तीच बोलायला लागली. चैतूनं तिला कॅसेटमधलं सगळं गोंडीत समजावून सांगितलं होतं, शेवटापर्यंत. ती म्हणाली, तू झोपली होती म्हणालास ते मला खरं वाटलं नव्हतं, माझी पोर तहानेनं गेली असंच मी इतके वर्ष धरून चालले होते. तिला पाणी मिळालं रे. कुणाच्या तरी मांडीवर गेली. आता मी कधीही मेले तरी चालेल. तिला पाणी पाजणाऱ्या त्या माणसाला माझा जोहार सांग. मग तिनं बाबांचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि विचारलं, हे खरं आहे ना? तू तर तिथेच होतास.

"मग?" आई म्हणाली. "तुम्ही काय म्हणाले?"

बाबांनी ताट जवळ ओढलं.

"हो म्हणालो," ते म्हणाले. "गोंडीत."

सोमीबद्दल बाबा आपल्या आईशी त्यानंतर कधी बोलले नाहीत.